फॉर्च्युनरच्या मागे पद्मिनी: दारव्हा ते नागपूर

नागपुरात कार वाहायचा ट्रेलर भाड्याने मिळतो, हे घरच्यांना आधी खोटंच वाटलं. पण रानात जीपा पळवणाऱ्या हौशी मंडळींना तो लागतोच. चिखलात दिवसभर लोळवलेली जीप संध्याकाळी घरापर्यंत चालत येईलच, याचा काही नेम नसतो. अशाच एकाकडून ओळखीने ट्रेलर मिळाला. दोन एक्सल, चार चाकं, मागे चढवायच्या दोन लोखंडी फळ्या आणि पुढे हाताने फिरवायची विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी वर ओढायचं चाक. त्याला स्वतःची नंबरप्लेट होती आणि स्वतःचं आरसी बुकही. मोटार वाहन कायद्याच्या लेखी ट्रेलर हे वेगळं वाहनच आहे, तेव्हा कागद हातात घेतल्याशिवाय भाड्याची बोलणी करू नयेत.

आणायची होती काकाजींची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातून. गाडी वाहून नेणारे ट्रकवाले डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ म्हणाले, आणि काकाजींचं घर त्याच्यापुढे पांदण रस्त्याने आत. ओढायला मेव्हण्याची २.८ लिटरची डिझेल फॉर्च्युनर. तिचं वजन दोन टनांच्या वर. पद्मिनी ९०० किलोच्या आत आणि ट्रेलर सातशेच्या आसपास, म्हणजे मागे सोळाशे किलो. ओढायची ताकद हा प्रश्नच नव्हता. मागून ढकलणारे सोळाशे किलो थांबवायचे कसे, याची काळजी होती. मेव्हणा मात्र नागपूर ते बुटीबोरी टॉर्कवरच बोलत होता.

जाताना रिकामा ट्रेलर नुसता वैताग आणतो. वजन नसल्याने प्रत्येक गतिरोधकावर उडतो आणि असा आदळतो की मागे काहीतरी तुटून पडलं असंच वाटावं. बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी असल्यामुळे निभावलं. टोलनाक्यावरच्या पोराने आधी आमच्याकडे पाहिलं, मग ट्रेलरची चाकं मोजली, मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी कारचाच टोल कापला गेला आणि आम्ही त्याचं मन बदलायच्या आत निघालो.

दिवस कापूस वेचणीचे. यवतमाळच्या अलीकडे-पलीकडे कापसाने भरलेल्या ट्रॉल्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेली पांढरी बोंदरं. तूर डोक्याच्या वर गेलेली. दारव्ह्याच्या बाजूला शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीचा रूळ लागतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटांची नॅरोगेज लाइन वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठीच इंग्रजांच्या काळात टाकली गेली. आता गाडी धावत नाही, रुळांमध्ये झुडपं माजली आहेत. जाताना त्या रुळांकडे कुणी बघितलंही नाही. येताना ट्रेलरची चारही चाकं त्यांच्यावरून एकेक करून चढली-उतरली तेव्हा मात्र इंचन् इंच कळला.

पद्मिनी गुरांच्या कोठ्यात कुटाराच्या ढिगाआड उभी होती. टपावर कोंबड्यांचा मुक्काम. स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा तेवढा शाबूत, बाकी आतल्या सीटचा उंदरांनी कापूस करून टाकलेला. "गाडी चालू हालतीतच ठेवली होती बावा मी," काकाजी म्हणाले, त्यावर काकी काही बोलल्या नाहीत. तीन टायरांनी हवा धरली, चौथं चाक बदलावं लागलं. मागचं डावं चाक जाम झालेलं, त्याच्या ड्रमला रॉकेल पाजून हातोडीने गोल फिरत ठोकल्यावर कुठे सुटलं.

खरी पंचाईत पुढेच होती. ट्रेलर कोठ्याच्या तोंडाशी रिव्हर्समध्ये लावायचा होता. अंगण आखूड, एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला काकाजींची बंडी. फॉर्च्युनरच्या मागच्या कॅमेऱ्यात ट्रेलरचं नाक सोडून काहीच दिसत नव्हतं. मेव्हणा डावीकडे वळवायचा तर ट्रेलर उजवीकडे पळायचा. सावरायला गेला की गाडी आणि ट्रेलरची मधूनच घडी पडायची. काकाजींचा सालदार बराच वेळ खांबाला टेकून हे बघत होता.

"भाऊ, चावी देता का?"

मेव्हण्याने नाइलाजाने दिली. तो आत बसला, पाय चाचपले आणि म्हणाला, "याले क्लच कुठी हाय?" ऑटोमॅटिक म्हणजे काय ते त्याला मिनिटभरात समजलं. मग त्याने आरसे, कॅमेरा सगळं बाजूला ठेवलं. अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं, एक हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरला आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलला. हात डावीकडे गेला की ट्रेलरचं शेपूट डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. फिरवणं अगदी थोडं, चारेक बोटं, आणि लगेच सरळ. "लय फिरवली का मोडलीच समजा," तो बाहेर बघतच म्हणाला. "अन् मोडाले लागली का पुढं घ्याची, सरय करून परत मांगं. जिद्द नाई कराची." एका दमात ट्रेलर कोठ्याच्या दारात, कठड्यापासून हातभर अंतर राखून.

यात नवल काहीच नाही. ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली आणि आमचा ट्रेलर यांची रिव्हर्सची रीत एकच. चार चाकी ट्रॉलीत पुढचा एक्सलही फिरतो, म्हणजे दोन जागी घडी पडते, ते तर याहून अवघड. हा गडी तशी भरली ट्रॉली जिनिंगच्या रांगेत रोज मागे लावतो. शहरात मोठी गाडी घेतलेल्यांनी रिव्हर्सचे व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा कुठल्याही खेड्यात जाऊन एखाद्या ट्रॅक्टरवाल्याकडे तासभर शिकावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

विंचने पद्मिनी वर ओढली, नाक पुढे ठेवून, कारण इंजिन पुढे. आता ती ट्रेलरवर नेमकी कुठे उभी करायची? एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकवर यावा लागतो. कमी आला तर मागचं जड शेपूट वेगात डावं-उजवं झोकांड्या खायला लागतं, आणि एकदा सुरू झालेली झोकांडी स्वतःच वाढत जाते. जास्त आला तर ओढणारी गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. आमच्या हिशेबाने दांडीवर एकशे साठच्या आसपास किलो हवे होते. पण मोजणार कशाने?

शेजारी खेडा खरेदीवाल्याकडे कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. तो उचलून आणला, वर लाकडाचा ओंडका ठेवला आणि दांडी त्यावर टेकवली. काट्यावर ९४ आले. विंचची मूठ फिरवत पद्मिनी वीतभर पुढे सरकवली. आकडा १५२. शेजाऱ्याने चष्मा वर करून विचारलं, "या फियाटले क्विंटलले काय भाव लावू, काकाजी?" काकाजी हसले नाहीत.

बांधण्याबाबत ट्रेलरवाल्याने बजावून सांगितलं होतं की पट्टे बॉडीला बांधायचे नाहीत, चाकांवरून घ्यायचे. गाडी आपल्या स्प्रिंगवर वर-खाली होते, बॉडीला बांधलेला पट्टा त्या हिंदकळण्यात ढिला होत जातो. चाकावरून घेतला की टायर ट्रेलरला दाबून धरला जातो आणि वरची बॉडी हवी तेवढी झुलो. हुकखाली दोन साखळ्या एकमेकींवरून आडव्या टाकल्या. हुक सुटलाच तर दांडी जमिनीत न घुसता त्या झोळीत पडते.

काकींनी निघताना ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला.

पांदण रस्ता येताना वेगळाच भासला. ट्रॅक्टर-बंड्यांनी काळ्या मातीत पाडलेली चाकोरी कडक वाळलेली. फॉर्च्युनर तिच्यात बसत होती, पण ट्रेलरच्या चाकांमधलं अंतर तिच्याशी जुळत नव्हतं. एक बाजू खाली, एक वर, आणि पद्मिनी बाजारातून परतणाऱ्या म्हातारीसारखी कललेली. मी मागे पायी चालत पट्टे बघत होतो. नाल्यावरच्या रपट्यातून वर चढताना ट्रेलरचं शेपूट सिमेंटला घासलं आणि लांब खर्रर्र आवाज आला. फळ्या आडव्या ठेवून चढाव हलका केला, तेव्हा सुटलो. डांबरी लागल्यावर पहिल्या किलोमीटरभरातच थांबून सगळे पट्टे पुन्हा कसले. सगळेच थोडे ढिले झाले होते.

यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या जवळपास, आणि वर्धा शहर त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. कारने जाताना हा उतार लक्षातही येत नाही. मागे सोळाशे किलो असले की सागाच्या जंगलातून कळंबकडे उतरताना दर वळणावर पाठीत हात लावल्यासारखं वाटतं. गिअर हाताने खाली घेऊन ठेवला, ब्रेक फक्त मधून मधून. ताशी साठच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून आलेला ट्रक ओव्हरटेक करताना आधी ट्रेलरला बाहेर ढकलतो, मग आत ओढतो, तेव्हा स्टिअरिंग नुसतं घट्ट धरून बसायचं. लालपरीच्या ड्रायव्हरने बाजूने जाताना पद्मिनीला सलाम केला.

कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. देऊळ जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. जागा रुंद बघून, पुढूनच निघता येईल अशी गाडी लावली होती. ट्रेलरसोबत फिरताना जेवण, चहा, देव सगळं या एका अटीवर ठरतं. चाकांच्या हबला हात लावून बघितला, कोमट होते. चटका बसला असता तर बेअरिंग गेलं म्हणायचं. भाकरी तिथेच खाल्ली. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतं.

वर्ध्याला गोरसपाक बिस्किटं घेतल्याशिवाय बहिणीने घरात घेतलं नसतं. एवढं लटांबर बाजारात नेणं शक्यच नव्हतं, म्हणून मेव्हणा ऑटोने गेला आणि मी बाहेर रस्त्यावर पद्मिनीची राखण केली. तेवढ्यात तिघांनी तिची किंमत विचारली, एकाने फोटो काढला, आणि एका पोलिसाने कागद मागितले. ट्रेलरचं आरसी दाखवलं, त्याने ते उलटसुलट बघून परत दिलं.

नागपुरात गॅरेजच्या बोळात ट्रेलर शिरण्याइतकी जागाच नव्हती. पद्मिनी बाहेरच उतरवून पोरांनी ढकलत आत नेली. ट्रेलरवाल्याने पट्टे मोजून घेतले, शेपटाखालचा खरवडा बघून थोडे पैसे कापले, बाकी अनामत परत केली. एरवी लिटरला अकरा-बारा देणारी फॉर्च्युनर येताना आठवर आली होती. मेव्हण्याने तो हिशेब मला पाठवला आणि खाली लिहिलं, पद्मिनीचं इंजिन कधी दुरुस्त करायचं ते बघ, पण पुढच्या वेळी सालदाराला सोबत घेऊनच निघू.