आजोबांची शेवरलेट आणि साडेआठ फुटी गॅरेज

आमची १९५१ ची शेवरलेट आजोबांनी सात वर्षं वापरलेली घेतली. आजोबा कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाचे व्यापारी. गाडी कायम गुळाच्या गोदामातच उभी असायची, त्यामुळे तिच्या जागेचा विचार घरात कुणी कधी केलाच नाही. २०१९ च्या महापुरात पाणी गोदामाच्या पायरीला लागून परत गेलं. २०२१ च्या जुलैत मात्र आत शिरलं आणि चाकं निम्मी बुडाली. ब्रेकचे ड्रम उघडले तर आत गाळ. त्याच दिवशी आण्णा म्हणाले, "गाडी घरी आणायची." आण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा त्यांचं वय ७८.

घर राजारामपुरीत, पुराचं पाणी येत नाही तिथं. गॅरेजही होतं, पण ते १९७४ साली फियाटसाठी बांधलेलं. फियाट म्हणजे तेरा फुटांच्या आतली गाडी. ही शेवरलेट मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात जोडलेली, अमेरिकन मापाची. तो कारखाना १९२८ ते १९५४ चालला. तिथल्या गाड्यांचे सुटे भाग जहाजानं यायचे आणि इथं जोडले जायचे. गाडीची लांबी साधारण साडेसोळा फूट, रुंदी सहा फूट दोन इंच, वजन १४०० किलोच्या आसपास. गॅरेज आतून १७ फूट बाय साडेआठ. कागदावर बसत होती.

कागदावरच्या मापावर मी विसंबलो नाही, ते बरं झालं. गोदामात गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बंपरपासून ओळंबा सोडला, फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि त्या दोन खुणांमध्ये टेप धरला. सोळा फूट दहा इंच! आजोबांनी कधीतरी दोन्ही बंपरना पाइपचे गार्ड लावून घेतले होते, ते चार इंच खात होते. गॅरेजचंही तसंच. शटर आतल्या बाजूनं बसवलेलं, त्याच्या पट्ट्या आणि कुलपाची कडी मिळून लांबीतले चार इंच गेले. दार साडेसात फुटांचं, पण दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वजा जाता सातच फूट मोकळं. जुनी मोठी गाडी घरात आणू पाहणाऱ्याला मी एकच सांगेन. पुस्तकातली लांबी-रुंदी बाजूला ठेवा, ओळंबा घ्या आणि दाराचं माप भिंतीपासून भिंतीपर्यंत न धरता प्रत्यक्ष मोकळ्या जागेचं धरा.

गार्ड काढले आणि चुलतभावानं गाडी आत घातली. तीन गियर, तेही स्टेअरिंगच्या दांड्यावर, आणि पॉवर स्टेअरिंग नाही. गल्लीतून फाटकात वळतानाच त्याचे दंड भरून आले. गाडी आत गेली, पण लांबीत मागंपुढं मिळून दोनच इंच मोकळे, तेवढ्यात नेमकं थांबता येईना आणि शटर लागेना. त्याहून वाईट म्हणजे उजवीकडे भिंत चौदा इंचांवर. दरवाजा उघडायचा, पण त्यातून त्याला बाहेर येता येईना. शेजारी उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "गाडी बसंल हो, पण माणूस कुठनं उतरणार?" माझा सगळा हिशेब त्या एका प्रश्नाशी येऊन थांबला. तोवर मी फक्त गाडीच मोजत होतो. परत बाहेर घेताना शटरच्या पट्टीनं मागच्या मडगार्डवर वीतभर ओरखडा ओढला. खाली मूळचा पत्रा दिसला. आण्णा त्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

मागच्या भिंतीत बंपरपुरता कोनाडा काढायचा असं माझ्या मनात होतं. इंजिनिअरनी साफ नाही म्हटलं. भिंत नऊ इंची, वर स्लॅबचा भार, आणि कोनाडा काढायचा तर साडेसहा फूट रुंद. त्यांचं ऐकलं.

मग शटर पट्ट्यांसकट काढलं आणि बाहेर उघडणारी दोन पाखांची लाकडी दारं बसवली. लांबीतले चार आणि रुंदीतले सहा इंच परत मिळाले. तरीही माणूस उतरण्याचा प्रश्न राहिलाच. त्याचं उत्तर उद्यमनगरातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका फॅब्रिकेशनवाल्यानं दिलं. म्हणाला, "आत जाताना गाडीत माणूस पाहिजेच कशाला?"

उद्यमनगरात असंच चालतं. चहा येईपर्यंत त्यानं खडूनं जमिनीवर चित्र काढलं. मागच्या भिंतीजवळ जमिनीत काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात कप्पी बसवायची, विहिरीवर असते तशीच, फक्त आडवी. दाराबाहेर उजवीकडे लोखंडी खांबावर हातानं फिरवायचं विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारा रहाट. तारेचा दोर विंचपासून उजव्या भिंतीकडेनं आत जातो, कप्पीला वळसा घालतो आणि गाडीच्या चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला अडकतो, बंपरला नाही. म्हणजे हँडल फिरवणारा माणूस बाहेरच राहतो.

गाडी सरळ जावी म्हणून फक्त डाव्या चाकांसाठी जमिनीवर दोन लोखंडी अँगल ठोकले, चाक त्यांच्या मधून जातं. उजवीकडे मुद्दाम काही लावलं नाही, कारण तिथूनच माणसांचं येणं-जाणं. इथं एक चूक होता होता वाचली. पहिल्यांदा अँगलमधलं अंतर पुढच्या टायरला बेताचं ठेवलं होतं. पण या गाडीच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा दोनेक इंचांनी जास्त आहे, म्हणजे मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग नेमकं येत नाही. वेल्डिंगआधी गाडी ओल्या मातीवरून ढकलली, म्हणून दोन वेगळ्या चाकोऱ्या दिसल्या. अँगल एकमेकांपासून दीड इंच लांब सरकवले आणि तोंडाशी फनेलसारखे फाकवले.

आता गाडी डाव्या भिंतीपासून नऊ इंचांवर आणि उजवीपासून एकोणीस इंचांवर उभी राहते. सगळे अंगणातच उतरतात. गियर न्यूट्रलला, स्टेअरिंग सुती दोरीनं बांधायचं, हँडब्रेक सोडायचा आणि विंच फिरवायचं. एक जण मागच्या चाकाशी लाकडी ठोकळा घेऊन चालतो, आणि हा माणूस कधीही कमी करायचा नाही. बाहेर काढताना दोघं मागून ओढतात आणि विंचवाला दोर हळूहळू सोडतो. आत घ्यायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. इंजिन बंद असल्यामुळे गॅरेजमध्ये धूर कोंडत नाही. बंद जागेत गाडी चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

पावसाळ्यासाठी वर जाळीच्या विटा बसवल्या. अंगावर सुती कव्हर घालतो. प्लास्टिकखाली घाम धरतो आणि पत्रा आतून गंजतो. बॅटरी सहा व्होल्टची आहे, तिची एक वायर आण्णा स्वतः सोडतात. त्या एकोणीस इंचांतून ते आडवे होऊन, एक हात भिंतीवर आणि एक मडगार्डवर ठेवत पुढं जातात. आम्ही कुणी पुढं झालो तर चालत नाही.

ओरखडा अजून तसाच आहे. रंग जुळवून देणारा माणूस मिळालाय, पण आण्णा म्हणतात, खंडेनवमीची पूजा होऊ दे, मग बघू.