किणयेचा लाल माळ, निपाणीचं काळं रान

शनिवारी संध्याकाळी बेळगावजवळच्या किणयेच्या पुढच्या माळावर, तिसऱ्या फेरीत, मागून 'कट्ट' असा आवाज आला आणि पेडल जागच्या जागी अडकलं. उतरून बघितलं तर मागचे गिअर बदलणारा डिरेलर उलटा होऊन चाकाच्या तारांत घुसला होता आणि त्याच्यात ओल्या गवताचा मुठीएवढा बोळा. डिरेलर धरून ठेवणारा हँगर तुटला होता. माझी पहिली सायक्लोक्रॉसची शर्यत अठरा मिनिटांत संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निपाणीजवळ दुसरी शर्यत होती, आणि तीही माझ्या मामांच्या रानात. तिथं नुसतं बघत उभं राहायचं, हे मनाला पटेना.

हा खेळ म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आपल्याकडं फारसा कुणी खेळत नाही. वाकड्या हँडलचीच सायकल, पण खाचांचे टायर, आणि शर्यत डांबरावर नाही, रानात. दोन-तीन किलोमीटरची फेरी. तिच्यात गवत, चिखल, उभा चढ आणि मुद्दाम आडव्या लावलेल्या फळ्या. जिथं चालवता येत नाही तिथं उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. किती अंतर जायचं ते ठरलेलं नसतं, किती वेळ पळायचं ते ठरलेलं असतं. मोठ्या स्पर्धांत तासभर चालतं, आम्ही चाळीस मिनिटं ठेवली. फ्रान्समध्ये १९०२ साली याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्टाव लापीझनं आपल्या तयारीचं श्रेय या रानातल्या शर्यतींना दिलं, आणि १९५० पासून जागतिक स्पर्धा होते. आज खरं वेड बेल्जियम आणि नेदरलँड्सचं. बेल्जियमचा एरिक डी व्लेमिंक १९६६ ते १९७३ या काळात सात वेळा जगज्जेता झाला. रात्री जेवण झाल्यावर तिकडच्या शर्यतींचे व्हिडिओ बघता बघता मला दर वेळी वाटायचं, हा चिखल तर आपल्याकडंही आहे.

तिकडं हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडं तसा चिखल हवा तर ऑक्टोबरातला परतीचा पाऊस गाठायला लागतो. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडचे आणि विजापूरहून आलेली तीन पोरं धरून आम्ही बावीस जण जमलो. विजापूर-बागलकोट भागातली मुलं सायकलिंगमध्ये वर्षानुवर्षं देशपातळीवर जातात, त्यामुळं ती पोरं येणार म्हटल्यावर पुढचे तीन नंबर कुणाचे, हे आम्ही मनात लिहूनच टाकलं होतं. ज्याची जी सायकल असेल ती चालेल, एवढाच नियम. माझी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांची सायकल, चाळीस एमएमचे टायर.

दीड महिना मी रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात नुसतं उतरायचा आणि चढायचा सराव केला होता. चालत्या सायकलवरून उजवा पाय मागून फिरवून डावीकडं आणायचा, डावा पाय पेडलवरून सोडायचा आणि जमिनीला टेकताच पळायला लागायचं. चढताना उडी मारून थेट सीटवर बसायचं नाही, उजव्या मांडीच्या आतल्या बाजूवर टेकून सरकायचं. फळ्या मीच उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, बनवून आणल्या, नियमाप्रमाणं चाळीस सेंटिमीटर उंच आणि दोहोंत चार मीटर अंतर. माळावर त्या मला एकदाही लागल्या नाहीत, याचं फार समाधान वाटलं. जांभ्याच्या पायऱ्यांवरून सायकल घेऊन चढणंही जमलं. लाल माती ओली झाली तरी पाण्यानं सुटते, जांभ्यावर टायर धरतो. घात केला तो गुडघाभर वाढलेल्या गवतानं. चेनमध्ये गवत गुंतताना दिसत होतं. तिथं उतरून ते ओढून काढायला दहा सेकंद लागले असते. ते न करता मी जोर लावला.

हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे मार बसला तर तो तुटतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. माझ्या सायकलचा हँगर शनिवारी रात्री बेळगावात मिळणं शक्यच नव्हतं. ज्यांनी ही सायकल घ्यायचा विचार केलाय त्यांना सांगतो, सायकलबरोबरच एक जादा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. मी मागितला नव्हता.

पण मी उद्यमबागेतला माणूस. सोळा वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत. किणयेहून पिरनवाडीमार्गे येताना वाटेतच एका मित्राच्या शॉपचं शटर अर्धं उघडं दिसलं. तुटलेले दोन्ही तुकडे टेबलावर जुळवून ठेवले, व्हर्निअरनं मापं घेतली. भंगारातली दहा एमएमची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मिळाली. मित्रानं मिलिंगवर बाहेरचा आकार काढला, गोलाई मी कानशीनं घासली. अडचण आली आट्यांची. डिरेलरचा बोल्ट दहा एमएमचा, पण त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ एमएमचा, बारीक. शॉपमध्ये नेहमी लागतो तो दीडचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. तो घातला असता तर बोल्ट दोन आटे बसून चावला असता आणि डिरेलरही वाया गेला असता. मित्रानं शेजारच्या शॉपवाल्या काकांना फोन केला. ते जेवणावरून उठून, लुंगीवरच, खिशात टॅप घेऊन आले. नऊ एमएमचं होल मारलं आणि टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, असा तेल सोडत हातानंच फिरवला. घाई करू नको, अ‍ॅल्युमिनियम चिकटतं, एवढंच काका म्हणाले आणि शेवटचा आटा पडेपर्यंत दिवा धरून उभे राहिले. पैसे विचारले तर माझ्याकडं नुसतं बघितलं.

हँगर बसवून भागत नाही, तो चाकाला समांतर लागतो. नाहीतर गिअर पडत नाहीत आणि हलक्या गिअरला डिरेलर परत तारांत जातो. एक सरळ सळी बोल्टच्या जागी आवळली आणि तिचं टोक रिमच्या वर, खाली, पुढं, मागं नेऊन चारी ठिकाणी फट मोजली. खालच्या बाजूला पाच एमएम जास्त भरली. पान्यानं हळूहळू वाकवत एक एमएमवर आणली. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. घरी आल्यावर आणखी एक काम केलं. चाळीसचे टायर काढून बत्तीसचे घातले. पाऊस सुरू झाला होता, आणि मामांचं रान काळं आहे.

मामांनी सोयाबीन काढून आठ दिवस झाले होते. शर्यतीसाठी रान मागायला मीच गेलो होतो. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोरडं असलं तर काय बी करा. पर वल्ल्यात तुडवलासा तर ढेकळं बसतील, हरभरा कसा पेरू?" बरोबर होतं त्यांचं. काळी जमीन ओली असताना दाबली की विटेसारखी आवळते. नांगरट आम्ही करून देऊ, असा शब्द दिला तेव्हा ते तयार झाले. जागा कमी म्हणून फेरी दीड किलोमीटरचीच आखली होती: रान, मग ओढ्याकाठची पायवाट, उभा बांध, परत रान.

रविवारी पहाटे महामार्गावर संकेश्वरपर्यंत वायपर चालूच होता. रानात पोचलो तर पाऊस थांबलेला, पण बुटाला लागलेली माती दगडावर घासूनही निघेना. मामेभावानं फवारणीचा बॅटरीवरचा पंप तीन पाण्यांनी धुऊन पिटमध्ये ठेवला होता. युरोपात खेळाडू पिटमध्ये सायकल बदलतात आणि पहिली प्रेशरच्या पाण्यानं धुऊन पुढच्या फेरीला तयार ठेवतात. आमच्याकडं प्रत्येकाची एकच सायकल, म्हणून हा पंप. टायरमध्ये हवा पंचवीस पीएसआय होती, ती बावीसवर आणली. बाटलीचा स्टँड काढून टाकला, कारण सायकल खांद्यावर घेताना हात फ्रेममधून जायला लागतो.

पहिली फेरी सगळे जोरात गेले. दुसरीत रान उकललं. वरचा पातळ थर टायरांनी नेला आणि खालची माती गोळ्यानं वर यायला लागली. सोयाबीनचा पालापाचोळा तिच्यात मिसळला. गोठ्याच्या भिंतीला लिंपतात तसला गारा फोर्कमध्ये, ब्रेकपाशी, चेनच्या मागं भरत गेला. शंभर मीटरवर चाक फिरायचं बंद झालं. पेडलवर उभा राहिलो तर सायकल जागची हलली नाही, नुसता घसरलो. उतरलो आणि ढकलायला लागलो, तर न फिरणारं चाक नांगरासारखं माती ओढत यायला लागलं. माझ्या पुढं एक कोल्हापूरचा गडी चाळीस एमएमच्या टायरवर होता, त्याच्या फोर्कमध्ये बोट घालायला जागा राहिली नव्हती. जागतिक नियमात टायर ३३ एमएमपेक्षा रुंद चालत नाही. माझ्या बत्तीसच्या टायरला दोन्ही बाजूंनी फट होती, निदान बोटानं माती पाडता येत होती. पण पाडली की दहा पावलांत परत भरायची.

तेवढ्यात बांधावरून मामांचा आवाज आला. "आरं लेका, रानातनं काय वडतोयस? बांधावरनं पळ की!"

पट्टी लावून आखलेली वाट तीन-चार मीटर रुंद होती आणि तिची उजवी कड बांधाला घासून जात होती. तिथं हरळी होती. आम्ही सगळे मधून चाललो होतो, कारण पहिल्या फेरीत मधली वाट मळलेली दिसत होती. लहानपणी आजोळी पावसात रानात जायचं म्हटलं की आजी हेच सांगायची, वाफ्यात पाय घालू नको, बांधावरनं जा. सायकलवर बसल्यावर ते कसं विसरलो, कुणास ठाऊक. उजवा हात फ्रेममधून घातला, वरची दांडी खांद्यावर घेतली, हात पुढून वळवून हँडल धरलं, आणि हरळीवरून पळायला लागलो. मातीसकट सायकल नेहमीच्या दीडपट जड लागत होती. दांडी खांद्याच्या हाडावर बसत होती. पण पाय रुतत नव्हते. त्या एका पट्ट्यात मी चौघांना मागं टाकलं.

त्यानंतर शर्यत मला कळायला लागली. ओढ्याकाठी बसून चालवायचं, चढाच्या अलीकडं वीस पावलं आधीच उतरायचं, रान आलं की खांद्यावर. पिटमध्ये मामेभाऊ पंपाची नळी थेट डिरेलरवर धरायचा. चेनमध्ये पाचोळा दिसला की मी थांबायचो आणि दोन बोटांनी ओढून काढायचो, प्रत्येक वेळी. नवा हँगर एकदाही कुरकुरला नाही. चौथ्या फेरीत विजापूरच्या एका पोरानं मला पूर्ण एका फेरीनं मागं टाकलं. सतरा-अठरा वर्षांचा असेल. जाता जाता कानडीत ओरडला, "नडी अण्णा, नडी, नडी!" म्हणजे चल, चल. त्याच्या पाठीमागं शंभर पावलं मी त्याच्याच चालीनं पळालो. मोठ्या स्पर्धांत पहिल्या खेळाडूपेक्षा ठरावीक वेळेनं मागं पडलेल्याला बाहेर काढतात. तसा नियम आमच्याकडं लावायचा की नाही, यावर आमचं भांडण झालं होतं, आणि मी 'नको' म्हणणाऱ्यांत होतो. शेवटपर्यंत पळायला मिळालं नाही तर माणूस शिकणार कधी?

पाच फेऱ्या झाल्या. रविवारच्या शर्यतीत एकोणीस जण उतरले होते, मी अकरावा आलो. रेषा ओलांडून सायकल खाली ठेवली तेव्हा हाताची बोटं उघडेनात. उजव्या खांद्यावर दांडीचा लालजर्द वळ उठला होता. मामा जवळ आले आणि काही न बोलता खुरपं घेऊन चेनच्या आजूबाजूची माती खरवडायला बसले. सावकाश, बैलाचे खूर साफ करावेत तसं. मामींनी भाकरी, खर्डा आणि पिठलं केलं होतं. विजापूरच्या पोरांनी दोन-दोनदा मागून घेतलं.

रान वाफशावर यायला आठवडा लागला. मग ठरल्याप्रमाणं ट्रॅक्टर लावून नांगरून दिलं, कुळवही मारून दिला. मामांनी हरभरा पेरला. दिवाळीनंतर महिन्याभरानं गेलो तेव्हा पीक चांगलं वर आलं होतं, फक्त पिटजवळच्या वळणावर एक पंधरा-वीस फुटांची पट्टी विरळ राहिली होती. सगळे तिथंच ब्रेक दाबायचे, तिथंच उतरायचे. मामांनी दाखवली नाही, माझ्याच नजरेला पडली. पुढच्या वर्षी वळण ओढ्याकाठच्या खडकावर घ्यायचं आणि रानातनं फक्त बांधाच्या कडेनं जायचं, असं मी वहीत आखून ठेवलंय. त्या पट्टीच्या हरभऱ्याचे पैसे मामा घेणार नाहीत, म्हणून बियाणं मीच घेऊन जाणार आहे.