केळीच्या वखारीसाठी बनवलेला बोर्ड : माझा अनुभव

आधीच सांगून टाकतो, हा पीस, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरला जोडायचा सर्किट बोर्ड, काही केंब्रिजहून, तो कॉम्प्युटर बनवणाऱ्या ॲकॉर्न कंपनीकडून आलेला नाही, यावलकडच्या एका घराच्या माळ्यावरून आलाय. तिथले सर फिजिक्स शिकवायचे, आता पुण्याला मुलाकडे असतात, घर रिकामं करायला काढलं तेव्हा त्यांच्या पुतण्याचा फोन आला, "भो, तू ते जुने कॉम्प्युटर घेतो ना? काकांचं एक पडेल आहे, नाहीतर भंगारवाला उभाच आहे."

गोणपाटात गुंडाळलेला बीबीसी मायक्रो मॉडेल बी, ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर निघाला. १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प काढला होता त्यात हेच मशीन आलं होतं, पुढे निर्लेखन झालं तेव्हा सरांनी ते लिलावात घेतलं. पण माझं लक्ष गेलं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याकडे. आत एक बोर्ड, त्याला कॉम्प्युटरला जोडायच्या दोन फ्लॅट केबल, एक यूजर पोर्टची, एक ॲनालॉग पोर्टची, चार रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि एक ईप्रॉम, म्हणजे प्रोग्राम साठवलेली चिप.

पुतण्याने तोवर नेटवर "प्रोटोटाइप", म्हणजे कंपनीने बनवलेला पहिला नमुना, असं सर्च करून भाव बघून ठेवले होते, आणि इथे थोडं बोलायलाच पाहिजे, कारण आजकाल नाव-गाव नसलेला कुठलाही बोर्ड प्रोटोटाइप म्हणून विकतात. मी आधी काय बघतो तर छपाई आहे का, हिरवा मास्क (वरचा रंगाचा थर) आहे का, ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेघा, कशाने काढलेत. याचे ट्रॅक सरळ मार्करने काढलेले, भोकं मधोमध नाहीत, मागून दोन निळ्या वायरी नंतर ओढलेल्या, आणि चिपांवरच्या तारखेच्या आकड्यांत सगळ्यात नवा ८६२३, म्हणजे १९८६ चा तेविसावा आठवडा, म्हणजे बोर्ड त्याच्या आधीचा असूच शकत नाही. हाताने बनवलेला आहे म्हणून कमी दर्जाचा असं मला वाटत नाही, खुद्द बीबीसी मायक्रोचा पहिला नमुना ॲकॉर्नच्या लोकांनी १९८१ मध्ये आठवड्याभरात वायर-रॅप करून, म्हणजे पिनांना हाताने वायरी गुंडाळून, उभा केला होता. असो, भाव जमला.

लोक घरी आणल्या आणल्या प्लग लावतात. मी म्हणेन आधी ईप्रॉम वाचून घ्या, म्हणजे त्यातल्या प्रोग्रामची कॉपी काढा, बाकी सगळं बाजारात परत मिळतं, त्यातला प्रोग्राम कुठेच मिळत नाही. या चिपला वर काचेची खिडकी असते, त्यातून अल्ट्राव्हायोलेट गेलं की प्रोग्राम पुसतो. डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं की सरळ उन्हात साधारण आठवड्यात साफ, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तर विचारूच नका. याचं लेबल कधीच गळून पडलेलं, खिडकी उघडी, पण पत्र्याचा डबा बंद होता म्हणून वाचलं. तिथेच काळी टेप लावली.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एक मित्र रिपेअरिंग करतो, त्याच्याकडे प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र आहे. चिप २७६४, म्हणजे ८ केबी. वाचली तर दर वेळी चेकसम (सगळा डेटा मिळून निघणारा पडताळणीचा आकडा) वेगळा यायला लागला, मित्र म्हणे "गेली रे ही, काय करू राह्यला उगाच." पण पाय बघितले तर काळे ठिक्कर, चांदीचा मुलामा काळा पडतो तसे. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि शाळेतलं साधं खोडरबर घेऊन एकेक पाय घासला, मग चेकसम जो स्थिर झाला तो हललाच नाही. फाईल उघडली तर सुरुवातीलाच शून्य आणि त्यामागे कंसातला सी, म्हणजे कॉपीराइटची खूण; बीबीसी मायक्रो रॉम, म्हणजे प्रोग्रामची चिप, ओळखायला हेच तपासतो, म्हणजे डेटा जागेवर. आणि खाली रोमन अक्षरांत कमांडचं नाव होतं, वखार! मी आणि मित्र दोघं एकमेकांकडे बघत राह्यलो.

पुढचं पटकन सांगतो. मशीनच्या पॉवर सप्लायमधले ते पिवळट पारदर्शक कॅपॅसिटर चालू करायच्या आधीच बदलले, नाहीतर धूर ठरलेला. कॉपी नवीन चिपवर टाकून कीबोर्डखालच्या सॉकेटमध्ये बसवली, ओरिजिनल काढून ठेवली. रिलेंना १२ व्होल्ट लागतात, ते मशीनच्या खालच्या पॉवर सॉकेटमधून येतात, म्हणून आधी मीटर लावून १२ आणि ५ व्होल्टच्या लाइनी कुठे शॉर्ट नाहीत ना बघितलं.

स्टार हेल्प (बसवलेल्या रॉमची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं तर यादीत वखार, व्हर्जन ०.३. कमांड दिली, स्क्रीनवर एक आकडा आला. वायरच्या टोकाला मण्याएवढा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा भाग, तो चिमटीत धरला, आकडा हळूहळू सरकायला लागला आणि एकदम रिलेचा टक आवाज. म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत किती गरम झालं ते बघून पंखा लावणारी यंत्रणा. पण मी जोडलेला पंखा गरम झाल्यावर बंद व्हायचा आणि गार झाल्यावर चालू.

सरांना पुण्याला फोन लावला. ते आधी खूप हसले.

"पंखा उलटा चालतो ना?"

"हो सर."

"मग तुझ्याकडे जुनी चिप आहे. सुधारलेली मी रावेरच्या वखारीवाल्याला दिली होती, दुसऱ्या बोर्डासकट."

म्हणजे दुसरा बोर्ड आहे! रावेरला गेलो तर वखारीच्या जागी आता मंगल कार्यालय. मालकाच्या मुलाचा नंबर मिळालाय, तो म्हणतो बाबांनी आयुष्यात एक खिळासुद्धा फेकला नाही, पण गोडाऊनची चावी मोठ्या भावाकडे आहे आणि तो दिवाळीला येईल.