मायक्रॉनवाल्या मामाची फजिती

टूलरूमच्या इन्स्पेक्शनमध्ये ३० वर्षं गेली माझी. शाफ्ट असो की बुश, मायक्रोमीटर लावल्याशिवाय मी कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही. त्यामुळे भाचीनं "मामा, माझी हाडं मोजून देशील का?" असं विचारलं तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं!

ती शरीररचनाशास्त्रात एमडी करतेय. प्रबंधाचा विषय रेडियस, म्हणजे कोपरापासून अंगठ्याच्या बाजूनं मनगटात उतरणारं हाड. तिची मोजणी झाली होती. आता पडताळणीसाठी तिचे आकडे न बघता तीच ४० हाडं दुसऱ्या कुणीतरी मोजायची होती.

लांबीसाठी ऑस्टिओमेट्रिक बोर्ड असतो. एक फळी, तिच्या एका टोकाला पक्की उभी पट्टी आणि दुसरी सरकती. हाडाचं डोकं पक्क्या पट्टीला टेकवायचं, सरकती पट्टी मनगटाकडच्या टोकाला, म्हणजे स्टायलॉइडला, भिडवायची आणि हाड थोडं इकडे-तिकडे हलवत मिळेल तो सर्वांत मोठा आकडा धरायचा. हलवत! आमच्याकडे मोजताना जॉब, म्हणजे मोजायचा भाग, हलला तर बोलणी बसायची.

मी माझा मोठा डिजिटल कॅलिपरही नेला होता. पहिल्या हाडाला २३८.४२ मिमी लिहिलं. तिनं दशांशावर काट मारली. कार्ल पिअर्सननं १८९९ मध्ये दिलेलं सूत्र तिनं दाखवलं: पुरुषाच्या रेडियसची सेंटिमीटरमधली लांबी ३.२७१ नं गुणायची, त्यात ८५.९२५ मिळवायचे, की माणसाची अंदाजे उंची. या हाडाची साधारण १६४ सेंमी आली. रेडियसमध्ये १ मिमी चुकलं तर उंचीत जेमतेम ३ मिमी चुकतं, आणि सूत्राचा स्वतःचा अंदाजच काही सेंटिमीटरनं हुकू शकतो. मग माझे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, काय चाटायचेत?

डोकं वरून बघितलं तर छान गोल बटण. कॅलिपर लावून फिरवलं तर गोल नाहीच, किंचित लंबगोल. म्हणून मोठा व्यास वेगळा, लहान वेगळा. ओव्हॅलिटी आम्ही रिजेक्ट करतो, इथे ती निसर्गानंच ड्रॉइंगवर दिलेली.

खरी जिरली ती बाकावर. रेडियस सरळ नसतो, त्याला बाहेरच्या अंगाला बाक असतो. तळहात पालथा करताना हा बाकदार रेडियस शेजारच्या अल्ना या हाडावरून आडवा जातो. मोडलेलं हाड बाक न राखता जोडलं, तर हात पूर्वीसारखा फिरत नाही. १९९२ मध्ये शेमिट्श आणि रिचर्ड्स यांनी एक्सरेवर तो मोजायची रीत दिली. वर स्नायूची कंडरा चिकटते त्या उंचवट्यापासून खाली मनगटापाशी अल्नाच्या बाजूच्या कडेपर्यंत एक रेघ ओढायची आणि तिच्यापासून हाड जिथे सर्वांत लांब जातं तिथे लंब टाकायचा. त्यांच्याकडे निरोगी हातात हा लंब सरासरी १५.३ मिमी भरला, आणि तो पडला रेघेच्या सुमारे ६० टक्क्यांवर.

रीत पटली मला. पण तो उंचवटा म्हणजे बसक्या टेकाडासारखा, त्याचा नेमका बिंदू कुठला? डेटमशिवाय, म्हणजे जिथून मोजायचं त्या पक्क्या बिंदूशिवाय, माप नाही, हे मी पोरांना इतकी वर्षं शिकवलं; इथे डेटमच घरंगळत होता. एकाच फिल्मवर मला सकाळी १४ मिमी आले, जेवणानंतर १६. भाची काही बोलली नाही, फक्त हसली.

संध्याकाळी आकडे शेजारी ठेवले. लांबीत आमचं मस्त जुळत होतं, फक्त १७ नंबरला माझं माप ३ मिमी कमी. हाड पुन्हा बोर्डावर ठेवलं तर कमीच. मी म्हटलं, "तुझंच चुकलंय." ती खाली वाकली आणि सरकत्या पट्टीच्या खाचेतून एक पिवळट कपची चिमटीत उचलून माझ्यासमोर धरली. स्टायलॉइडचं टोक. मायक्रोमीटरचं रॅचेट, म्हणजे टोकाची मूठ, टक्‌ वाजेपर्यंत फिरवायची सवय; तीच मी त्या जुन्या, ठिसूळ हाडावर चालवली होती.

तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "टोक तुटले. कारण: मामा."