सुगडातली वीज

भाची बारावीला आहे. विद्युतरसायनातली गणितं ती घडाघडा सोडवते: तांब्याचं इलेक्ट्रोड विभव ०.३४, जस्ताचं उणे ०.७६, वजाबाकी केली की १.१० व्होल्ट. पण वीज नेमकी येते कुठून, असं विचारलं की गप्प. क्लासवाल्यांना गुण पडण्याशी मतलब, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. मग जस्त-तांब्याचा जुना सेल, डॅनिएलचा सेल, घरीच करून बघायचं ठरवलं.

मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट) आणि झिंक सल्फेट मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळालं, मल्टिमीटर आणि लाल एलईडी लॅमिंग्टन रोडवर. तांबं वायरिंगच्या उरलेल्या तारेतून निघालं. जस्तासाठी भिंतीवरच्या घड्याळातला संपलेला साधा सेल सोलला, त्याचं बाहेरचं डबडं जस्ताचंच असतं. अल्कलाइन सेल मात्र फोडू नये, आत तीव्र अल्कली असते.

पहिल्यांदा जस्ताची पट्टी मुद्दाम थेट मोरचुदाच्या पाण्यात सोडली. पट्टीवर काळपट-तांबूस थर चढला, निळा रंग फिका होत गेला. म्हणजे अभिक्रिया झाली, पण वीज शून्य. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनांनी तिथल्या तिथेच उचलले आणि सगळी ऊर्जा उष्णतेत गेली. सेलची खरी युक्ती इथेच आहे: देणारा आणि घेणारा वेगळे ठेवायचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना तारेतूनच जावं लागतं.

वेगळे ठेवले. एका पेल्यात जस्त आणि झिंक सल्फेट, दुसऱ्यात तांबं आणि मोरचूद, मध्ये मीटर. धड आकडाच येईना. "आत्या, तुझा मीटर बिघडलाय," भाचीचं निदान. मी वर्तमानपत्राची पट्टी मिठाच्या पाण्यात बुडवून दोन्ही पेल्यांवर टाकली, तर एक व्होल्टच्या वर! पट्टी काढली की आकडा गायब, ठेवली की हजर. जस्ताच्या बाजूला धन आयन वाढतात, तांब्याच्या बाजूला सल्फेट उरतं. हा तोल सांभाळायला आयनांना वाट नसेल, तर इलेक्ट्रॉनही जागचे हलत नाहीत. ही ओली पट्टी म्हणजेच क्षारसेतू, त्याची व्याख्या तिला आधीपासून पाठ होती. आता ती पट्टी उचलून ठेवण्यातच रमली.

लाल एलईडीला साधारण १.८ व्होल्ट लागतात, म्हणून असे दोन सेल एकामागे एक जोडले. मीटर दोनच्या वर गेला, पण दिवा जेमतेम मिणमिणला. कागदाच्या चिंचोळ्या वाटेचा रोध फार, त्यामुळे दाब असूनही प्रवाह तुटपुंजा. डॅनिएलने १८३६ साली लंडनमध्ये हा सेल केला, त्यात आधी बैलाच्या अन्ननलिकेचा पडदा होता आणि पुढे सच्छिद्र मातीचं भांडं आलं. मातीचं भांडं म्हटल्यावर मला माळ्यावरची संक्रांतीची सुगडं आठवली. वहिनीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मोरचूद बाहेरच्या पेल्यात राहील, सुगडात नाही," असं कबूल केल्यावर दोन बिनरंगाची सुगडं मिळाली.

सुगडात झिंक सल्फेट आणि जस्त, भोवतीच्या पेल्यात मोरचूद आणि तांबं. माती भिजेपर्यंत काही नाही. मग दिवा लागला, कागदापेक्षा कितीतरी उजळ.

हा दिवा किती वेळ चालेल, असं आता भाचीनेच विचारलं आणि स्वतःच वही ओढली. ६५.४ ग्रॅम जस्तामागे १,९३,००० कूलोम विद्युतभार, म्हणजे एका ग्रॅममागे सुमारे ०.८२ अँपिअर-तास. एक मिलिअँपिअर धरला तर महिन्याहून जास्त. कागदावर. रात्री तिने एलईडीची तार काढून ठेवली आणि सकाळी जस्त काळं पडलेलं होतं: मातीतून मोरचूद झिरपून आत पोचला होता आणि पहिल्या प्रयोगातली फुकट अभिक्रिया सुगडात सुरू झाली होती. अमेरिकेतल्या तारऑफिसांत याच जातीचे सेल प्रवाह चालू ठेवूनच वापरत, कारण प्रवाह वाहत असला की तांब्याचे आयन आपल्याच बाजूला खर्च होत राहतात आणि जस्तापर्यंत कमी पोचतात. हे कळल्यावर तिने नवी पट्टी कापली आणि एलईडी जोडलेलाच ठेवला. उरलेलं मोरचुदाचं पाणी मोरीत ओतायचं नाही, माशांना ते विष. ते बाटलीत भरून लेबल लावून ठेवलंय.