फलाटावरून फलाटावर

बाबा एसटीत डायवर होते, त्यामुळे अंतर आणि वेळ यांचा मेळ बसला नाही की त्यांना चैन पडत नाही. दिवाळीला मी नागपूरला गेले तेव्हा चष्मा लावून त्यांनी माझं पुण्याहून आलेल्या विमानाचं तिकीट तपासायला घेतलं.

"किती किलोमीटर?"

सरळ रेषेत सहाशेपाच, म्हटलं.

"अन् स्पीड?"

वर पोचल्यावर आठशेच्या आगेमागे.

"मंग पाऊण घंट्यात पोचाले पायजे. इथं दीड घंटा काहून लिहिला वं?"

हिशेब चोख होता. पण तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, आणि दुसऱ्या टोकाला ते जागेवर उभं राहीपर्यंत चालतं. लोहगावला हवाई दलाची आणि प्रवासी विमानं एकच धावपट्टी वापरतात, तेव्हा आपला नंबर लागेपर्यंत थांबणं आलं. उडायचं वाऱ्याकडे तोंड करून. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे नागपूरला निघालेलं विमान आधी मुंबईकडे तोंड करून उडणार आणि मग वळसा घेणार. चढायला वीसेक मिनिटं, उतरायला तेवढीच. एवढ्या छोट्या पल्ल्यात पुरा वेग मिळतो कुठे?

"म्हंजे फलाटावरून फलाटावर," बाबा म्हणाले. "हव, तं असं सांग ना."

कात्रजहून लोहगावला लागलेला दीड तास मात्र त्यांना मी सांगितला नाही.

मग त्यांनी कपाटातून माझा शाळेतला नकाशासंग्रह काढला आणि आईच्या डब्यातला पांढरा दोरा. एक टोक पुण्यावर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं नागपूरवर. रेल्वेने दौंड, मनमाड, भुसावळ करत गेलं तर हेच अंतर जवळपास 890 किलोमीटर भरतं. रस्त्याने सातशेच्या वर. दोरा मात्र कोणालाच न जुमानता सरळ निघाला होता आणि बरोबर मधोमध लोणारच्या जरा खालून जात होता. विमान काही असं दोरा धरून उडत नाही, त्याचे मार्ग ठरलेले असतात, हे मी सांगितलंही. पण बाबा तोवर नकाशात नाक खुपसून बसले होते.

"लोणार वरून दिसन का?"

पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंदीचं विवर आहे, आभाळ मोकळं असलं तर दिसायला हवं. नागपूरहून येताना उजव्या हाताला.

गेल्या आठवड्यात त्यांचं आयुष्यातलं पहिलं विमानाचं तिकीट काढलं. उजवीकडची खिडकी, वर साडेतीनशे रुपये मोजून. पंखाच्या पुढची रांग, म्हणजे मध्ये काही यायला नको. रात्री फोनवर सगळं सांगितलं, खूश झाले. मग पलीकडे जरा वेळ शांतता. तिकीट पाहत असणार.

"सव्वाआठ म्हंजे रात्रीचे ना वं?"