तुम्ही विचारलंत म्हणून: पार्लरमधलं कुत्रं आणि पोळ्याचा बैल

श्रावण संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. कुणीतरी आपल्या पूडल कुत्र्याला पार्लरमध्ये नेऊन गुलाबी-निळं रंगवून शेपटीचा मोरपिसारा केलेला असतो, त्याचा व्हिडिओ गावभर फिरतो, त्यावर कुणी हळहळतं, की लगेच विचारणा होते: "पोळ्याला आपण बैलं रंगवतो, शिंगं तासतो, ते चालतं. मग कुत्र्याला रंगवलं तर क्रूरपणा कसा?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सरळ देतो. नुसत्या रंगात क्रूरपणा नसतो, कुत्र्याच्याही नाही आणि बैलाच्याही नाही. रंग कशाचा आहे, कुठे लावलाय, लावताना जनावराला किती वेळ आणि कसं धरून ठेवलं, आणि चाटून त्यातला किती पोटात जाणार, एवढं पाहायचं. या हिशेबाने पार्लरमधलं बरंच काम चुकीचं ठरतं. पण आपल्या पोळ्यातल्या दोन गोष्टी त्याहून वाईट आहेत: शिंगं साळणं, म्हणजे तासून गुळगुळीत करणं, आणि शिंगांना ऑइल पेंट देणं. या दोन्ही बंद व्हायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

शिंग म्हणजे नखासारखं निर्जीव, तासलं तर काय बिघडतं, असं बहुतेकांना वाटतं. ते फक्त वरच्या कवचापुरतं खरं. आत कवटीच्याच हाडाचा वाढलेला गाभा असतो. हाड आणि कवच यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांनी आणि नसांनी भरलेला नाजूक थर असतो आणि कवच तयार होतं ते त्याच थरातून. मोठ्या बैलाच्या शिंगाचं हाड आतून पोकळ असतं. ती पोकळी कपाळातल्या पोकळीला आणि तिथून नाकाला जोडलेली असते. भरीव आणि बिनदुखरं असतं ते फक्त टोक, म्हणून टोकाला पितळी शेंब्या (टोपणं) बसवल्या तर बैलाला काही होत नाही. बुडाला तळहात लावून पाहा, कोमट लागेल. बैलाला ताप आलाय का हे जुनी माणसं कान आणि शिंगाचं बूड चाचपून ओळखतात, ते याच रक्तपुरवठ्यामुळे.

आता साळण्याची रीत पाहा. बैल दोराने पाडतात, चारही पाय आवळतात, एक जण मान मुरगाळून डोकं जमिनीला दाबून धरतो. आधी वाकस किंवा रंदा, मग कानस आणि शेवटी गुळगुळीत करायला काचेचा तुकडा. जोडीची शिंगं सारखी दिसावीत हा एक हेतू. दुसरा हेतू बाजाराचा. शिंगाच्या बुडाशी वलयं असतात, त्यांवरून वयाचा अंदाज येतो, म्हणून विकायचा बैल साळून 'तरुण' करतात. जाणता गिऱ्हाईक तरीही जबडा उघडून दातांवरून वय, म्हणजे दोनदाती, चारदाती की सगळे दात आलेला 'जुळलेला', हे बघतोच, तेव्हा त्या वेदनेतून मालकाच्या हातीही फारसं काही पडत नाही. पांढुरक्या शिंगात कवचाखाली गुलाबी झाक दिसली, की समजायचं आपण मर्यादा ओलांडली. देवणी आणि लाल कंधारी जातीच्या बैलांच्या काळपट शिंगात ती झाकही नीट दिसत नाही. तिथे बारीक लालसर ओल पाझरली, तेव्हाच कळतं.

पुढचा त्रास पोळा सरल्यावर सुरू होतो. पातळ झालेलं कवच दाव्याच्या घर्षणाने, गोठ्याच्या खांबावर आपटून चिरतं. दिवस पावसाळ्याचे, माश्यांचे. भेगेत माशी बसली की दोन-तीन दिवसांत किडे पडतात. भेग पोकळीपर्यंत गेली तर आत पू होतो आणि तो नाकातून येतो. शिंगाचा कर्करोग हा तर आपल्याकडच्या कामाच्या बैलांचा ओळखीचा आजार आहे. त्याचं एकच एक कारण सांगता येत नाही, पण वारंवार साळणं, दोराचं घर्षण, शिंगाला बसणारा मार आणि रंग यांच्याकडे पशुवैद्यक बोट दाखवत आले आहेत.

ऑइल पेंटचं दुखणं या साळण्याशीच बांधलेलं आहे, आणि ते सहसा कुणी लक्षात घेत नाही. पेंट वर्षभर टिकतो, पण पोपडे सुटून विद्रूप दिसतो. पुढच्या पोळ्याला नवा रंग बसावा म्हणून जुना खरवडावा लागतो आणि खरवडताना कवच जातं. म्हणजे यंदा पेंट दिला की पुढच्या वर्षीचं साळणं आत्ताच ठरलं. काही जण टर्पेंटाइनने पुसून काढतात. ते ओघळून कपाळावर, डोळ्यात जातं, कातडी भाजते. लावतानाही ब्रशचा ओघळ डोळ्यात जाण्याची भीती असतेच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण पोळ्याला वापरला जातो तो बऱ्याचदा माळवदावर नाहीतर कोठीत पडलेला जुना उरलेला डबा. गुरं एकमेकांना चाटतात, रिकामा डबाही चाटतात. शिशाची विषबाधा झालेलं जनावर आंधळ्यासारखं चालतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, दात खातं, त्याला झटके येतात. असा डबा गोठ्यात ठेवूच नका.

आता कुत्र्याकडे वळू. कुत्रं स्वतःला चाटून साफ करतं, त्यामुळे अंगावर लावलेलं सगळं थोडंफार पोटात जातंच. म्हणून माणसाचा केसांचा डाय कुत्र्याला लावायचा नाही, अगदी शेपटीच्या गोंड्यालाही नाही. काळ्या डायमध्ये आणि बाजारातल्या 'काळ्या मेंदी'त पीपीडी नावाचं रसायन असतं. ते पोटात गेलं तर घसा सुजतो, स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि त्यावर उतारा नाही. ब्लीचने कातडी जळते. खाण्याच्या रंगाने किंवा कुत्र्यांसाठीच्या धुऊन जाणाऱ्या रंगाने, नाक-डोळे-तोंड सोडून, दहा-पंधरा मिनिटांत कानाचे केस रंगवले तर त्यात मला गैर दिसत नाही.

गैर आहे ते टेबलावर तासन्‌तास गळ्यात फास अडकवून उभं ठेवणं. कुत्रं जांभया देतं, ओठ चाटतं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतं, शेपूट पोटाखाली घेतं. मालकाला वाटतं, किती शहाणं उभं राहिलंय! गरम हवेचा ड्रायर लावून पिंजऱ्यात कोंडणं त्याहून वाईट. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी उष्णता ते धापा टाकूनच बाहेर टाकतं. मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा ४२ च्या पुढे जातो. तेव्हा हस्की किंवा पोमेरेनियनचे केस उन्हाळा म्हणून, किंवा आकार कोरायला, मुळापासून उडवतात. या जातींना केसांचे दोन थर असतात आणि ते उन्हापासून कातडी वाचवतात. भादरल्यावर कातडी भाजते आणि काहींचे केस पुन्हा नीट येत नाहीत, टक्कल पडल्यासारखे चट्टे राहतात. २०२४ साली चीनमधल्या ताईचौ इथल्या प्राणीसंग्रहालयाने चाऊचाऊ कुत्री काळी-पांढरी रंगवून पांडा म्हणून मांडली, तेव्हा जगभर ओरड झाली. मला त्यातली खटकणारी गोष्ट ही, की बरीचशी चर्चा रंगावर आणि फसवणुकीवरच अडली. दाट केसांचं ते कुत्रं किती वेळ धरून ठेवलं असेल, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मग पोळा कसा करायचा? आदल्या दिवशीच्या खांदमळणीपासून सुरुवात करा, ती आपल्या सणातली सगळ्यात शहाणी रीत आहे. गरम पाण्याने खांदे शेकायचे, हळद-तूप चोळायचं. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणताना खांदा दाबून बघा. गाठ किंवा गरम सूज लागली तर ती खांदेसूज आहे. तो बैल मिरवायचा खुशाल, पण बरा होईपर्यंत जुवाला लावायचा नाही.

अंगासाठी गेरू घ्या. पाव किलो गेरू रात्री एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. हे गाळणं चुकवू नका, खडे राहिले की हात फिरवताना कातडी खरचटते. तळव्याने छाप उठवा. डोळे, नाकपुड्या, खांदा, जखमा सोडा. संध्याकाळी धुऊन टाका. पुडीतला पक्का गुलाबी रंग घेऊ नका. पांढऱ्या कातडीवर तो दसऱ्यापर्यंत उतरत नाही आणि त्यात काय मिसळलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं. जुन्या पद्धतीचा म्हणून खरा हिंगूळही नको, तो पाऱ्याचं खनिज आहे.

शिंगं काथ्याने धुऊन कोरडी करा. करडईच्या तेलात चिमूटभर गाळलेला गेरू कालवून फडक्याने अगदी पातळ हात द्या, तोही दोन दिवस आधी. जाड दिलात तर चिकट राहून धूळ धरतो. चकाकी हवी तर बेगड कणकेच्या खळीने चिकटवा. गोंडे आणि माळा सुताच्याच घ्या. तारेने बांधलेली माळ बैलाने ओढून खाल्ली तर तार दुसऱ्या पोटात जाऊन बसते आणि तिथून हृदयापर्यंत टोचू शकते. फुगे आणि प्लॅस्टिकच्या झिरमिळ्याही पोटात अडकतात. मिरवणूक संपली की सगळं उतरवून गोठ्याबाहेर न्या.

पुरणपोळी दोन-तीन पुरेत. टोपलीभर पुरण, घुगऱ्या आणि गूळ एकदम पडला की पोटात आंबतं, बैल खाणं-रवंथ सोडून बसतो. तसं झालं तर घरगुती काढे देत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. डीजेच्या भिंतीजवळ बैल नेऊ नका. बुजलेला बैल आवरायला वेसणीला हिसका दिला जातो आणि नाक फाटतं.

यंदा कुणी साळून ठेवलाच असेल तर भेगेवर पोव्हिडोन आयोडीन आणि कडेने कडुनिंबाचं तेल लावा, दावं शिंगाला न बांधता म्होरकीला (तोंडाभोवतीच्या दोरीला) बांधा. पुढचे काही महिने लक्ष ठेवा. बैल सारखं डोकं झटकतोय, एकच शिंग खांबाला घासतोय, मान एका बाजूला धरतोय, शिंग बुडाशी हलतंय किंवा एकाच नाकपुडीतून रक्ताळ स्राव येतोय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाकडे हाडाची कडा जाते. तिच्याखालची नस बधिर करून डॉक्टर शिंग बुडापासून काढतात. लवकर नेलेला बैल वाचू शकतो आणि पुन्हा कामालाही लागतो.